डोहातला मासा आणि धरणातला मासा

काठी हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते होळीमुळे. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यातली ही राजवाडी होळी. फाल्गुनी पौर्णिमेच्या रात्री सातपुड्याच्या पाड्यापाड्यांतून माणसे येतात, उंच बांबू उभा राहतो, रात्रभर ढोल घुमतो आणि पहाटे होळी पेटते. वर्तमानपत्रांत फोटो छापून येतात. दुसऱ्या दिवशी पाहुणे गाड्यांत बसून निघून जातात. मला आज बोलायचे आहे ते पाहुणे निघून गेल्यानंतरच्या दिवसांविषयी. होळीनंतर या डोंगरात माशांचे दिवस सुरू होत. त्या माशांचाही एक इतिहास आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही.

सातपुड्यातला वसंत म्हणजे पळस फुललेला, मोह गळू लागलेला आणि नदीनाल्यांचे पाणी आटत चाललेले. पावसाळ्यात नर्मदेकडे धावत सुटणारे ओढे माघापर्यंत कसेबसे वाहतात. फाल्गुनात धार तुटते आणि खडकांच्या कुशीत डोह उरतात. आजूबाजूच्या पाण्यातला मासा या डोहांत येऊन गोळा होतो. शेतात काम नसते. कणगीतले धान्य तळाला गेलेले असते. अशा वेळी मोहाची फुले, रानातला कंद-पाला आणि डोहातला मासा यांच्या आधाराने चैत्र-वैशाख काढायचा. शहरातल्या हौशी माणसाला गळ टाकून बसणे म्हणजे विरंगुळा वाटतो. इथे ती पोटाची तजवीज होती आणि तिला सणाचा रंग होता.

डोहावर एकटादुकटा जात नसे. सारा पाडा जाई. पुरुषांकडे फेकजाळी, बायकांकडे टोपल्या, पोरांकडे नुसते हात. पाणी शिरते-निघते त्या तोंडाशी दगडांचा बांध घालून बांबूच्या कामट्यांचा सापळा बसवायचा. एखादा साचलेला डोह असला तर त्यात मोहाची पेंड कालवायची. टोळंबीचे तेल काढल्यावर जी पेंड उरते ती. कुठे गेळफळ कुटून टाकत, कुठे एखाद्या झाडाची साल ठेचून टाकत. या पेंडीत साबणासारखा फेसाळणारा एक पदार्थ असतो. तो माशाच्या कल्ल्यांवर परिणाम करतो, माशाला श्वास पुरत नाही आणि तो गुंगून वर येतो. तो मासा खाणाऱ्या माणसाला मात्र त्याचा त्रास होत नाही. काही दिवसांत पेंडीचा जोर ओसरतो, पावसाळ्यात नवे पाणी येते आणि डोह पुन्हा भरतो. कोणत्या डोहात किती पेंड घालायची आणि कोणत्या डोहाला हात लावायचा नाही, हे म्हातारी माणसे ठरवत. वाटणीत घरटी वाटा असे. ज्या घरातून कोणी येऊ शकले नाही, म्हातारी एकटी आहे, बाई बाळंतीण आहे, त्या घरीही वाटा पोचता होई.

माझे वडील अक्कलकुव्याच्या आठवडे बाजारात मीठ, मिरची आणि सुकी मासळी विकत. मोलगी-काठीच्या बाजूची माणसे दुकानावर येत. त्यांतल्या एका काकांशी अब्बांचा घरोबा होता. आमच्या घरी मांस हलाल केलेलेच लागते. त्यामुळे काकांकडे कोंबडी कापली तर अडचण व्हायची. कोणी कापायची, कशी कापायची, हा प्रश्न. माशाला मात्र ती अट नाही. मासा पाण्यातून निघाला की तो आम्हाला चालतो, त्याला जबह करावे लागत नाही. म्हणून होळीनंतर काका आग्रहाने बोलावत. म्हणत, "चाचा, आता या. आता डोहाचा मासा आहे, आता तुम्हाला नाही म्हणता येणार नाही." सागाच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेला मासा, वर मीठ आमच्या दुकानातले. मी तेव्हा दहा-बारा वर्षांचा असेन. भिल्लाच्या आणि मुसलमानाच्या पंगतीत जो पदार्थ बिनाप्रश्नाचा चालतो तो मासा, ही गोष्ट मला फार नंतर, कविता लिहायला लागल्यावर उमगली.

आता थोडे पुस्तकांकडे वळू. माशांची शास्त्रीय नावे लॅटिन असतात असे आपण शाळेत शिकतो. पण ती बारकाईने वाचली तर गंमत कळते. फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ साली गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर ग्रंथ लिहिला. त्यात कटला, रोहू, मृगळ यांना त्याने जी नावे दिली ती तिथल्या कोळ्यांच्या तोंडचीच होती. आपल्याकडे कर्नल साईक्स या मुंबई लष्करातल्या अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची वर्णने १८३९मध्ये प्रसिद्ध केली. पुण्याजवळच्या मुळा-मुठेत सापडणाऱ्या महासीराला त्याने 'खुद्री' हे नाव दिले. मळ्या नावाचा छोटा मासा 'मुल्या' झाला. नाकावर गाठ असलेला एक मासा 'नुक्ता' झाला. आज जगातला कोणताही मत्स्यशास्त्रज्ञ ही नावे उच्चारतो तेव्हा तो नकळत मराठी भोयाचे शब्द उच्चारत असतो. पुस्तकावर नाव साहेबाचे राहिले. शब्द देणाऱ्या भोयाचे नाव कुठेच नाही.

१८७३ साल या गोष्टीत महत्त्वाचे आहे. त्या वर्षी दोन पुस्तके आली. एक फ्रान्सिस डे या लष्करी डॉक्टरचा, हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातल्या गोड्या पाण्यातील मासेमारीवरचा सरकारी अहवाल. दुसरे मद्रास इलाख्यातले मुलकी अधिकारी एच. एस. थॉमस यांचे, गळाने मासे धरण्याच्या छंदावरचे. महासीर गळाला लागला की तो कसा झुंजतो याची वर्णने वाचून कितीतरी साहेब आपल्या नद्यांकडे वळले. दोघांचीही एक तक्रार समान होती. लोक बारीक जाळ्यांनी पिल्ले मारतात आणि पाण्यात विष कालवतात, त्यामुळे मासा संपत चालला आहे, असे त्यांचे म्हणणे. ते अगदी खोटे होते असे नाही. पण त्या तक्रारींतून कायदे आले. १८७८च्या जंगल कायद्यात राखीव जंगलात नियम मोडून मासे मारणे आणि पाण्यात विष घालणे हे गुन्ह्यांच्या यादीत बसले. १९२७च्या कायद्यातही ते कायम राहिले. १८९७मध्ये हिंदुस्थानचा मत्स्य कायदा झाला. त्याच्या एका कलमाने सुरुंगाच्या दारूने मासे मारण्यास बंदी केली आणि पुढच्याच कलमाने पाण्यात विष टाकण्यास.

सुरुंगाने डोह फोडणे आणि साचलेल्या पाण्यात टोपलीभर पेंड कालवणे, ही दोन कामे एकाच पंक्तीला बसली. सुरुंग लहान-मोठा मासा, अंडी, किडे सगळे एका क्षणात मारतो. पेंडीचा हिशेब गावाने पिढ्यान्पिढ्या जमवलेला होता. तो हिशेब कायदा करणाऱ्यांच्या टेबलावर कधी आलाच नाही. गळ टाकणारा साहेब खेळाडू ठरला आणि पेंड कालवणारा भिल्ल गुन्हेगार. राज्य सरकारला एखाद्या भागापुरते विषाचे कलम स्थगित करण्याची मुभा त्या कायद्यात होती. म्हणजे सगळ्या पाण्याला एकच माप लावता येणार नाही, एवढे त्यांनाही सुचले होते.

काठीची गोष्ट थोडी वेगळी होती. काठी ही मेहवासातली जहागीर. काठी, नाला, सिंगपूर, गव्हाळी, चिखली, नवलपूर अशा सहा मेहवाशी जहागिऱ्या. खानदेशचा कलेक्टर तिथे सरकारचा एजंट म्हणून लक्ष ठेवी आणि रोजचा कारभार प्रमुखाच्या नावाने चाले. स्वातंत्र्यानंतर १९६१च्या विनियमाने या जहागिऱ्यांचे मालकी हक्क संपवण्यात आले. जमीन, जंगल, महसूल यांची मोजदाद झाली. डोहांची मात्र मोजदाद कोणी केली नाही. सातबाऱ्यावर डोह नसतो. ज्याची नोंद नाही ते गेले तर भरपाईच्या यादीतही येत नाही, हे पुढे कळायचे होते.

नर्मदा महाराष्ट्राच्या वाट्याला फार थोडी आली आहे. पुस्तकांत ५४ किलोमीटर असा आकडा असतो. तेवढ्या लांबीत तिच्या दक्षिण काठावर अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांची गावे आहेत. १९७९मध्ये नर्मदा पाणीतंटा लवादाचा निवाडा आला आणि गुजरातेत सरदार सरोवराची उंची ठरली १३८.६८ मीटर. महाराष्ट्रातली ३३ गावे बुडीत क्षेत्रात गेली, ९ अक्कलकुव्यातली आणि २४ अक्राणीतली. पहिले गाव मणिबेली. १९९३च्या पावसाळ्यात तिथल्या घरांत पाणी शिरले. मग चिमलखेडी, धनखेडी, सिंदुरी, गमण, बामणी, डनेल अशी नावे एकामागून एक बातम्यांत येऊ लागली. २००६च्या अखेरीस धरण १२१.९२ मीटरला पोचले. २०१७मध्ये दरवाजे बंद झाले आणि सप्टेंबर २०१९मध्ये जलाशय प्रथमच काठोकाठ भरला. पूर्ण भरल्यावर त्याची लांबी सुमारे २१४ किलोमीटर होते. काठी गाव स्वतः डोंगरात आहे, ते बुडाले नाही. पण काठीच्या होळीला येणाऱ्यांतले कितीतरी लोक या काठच्या गावांतले. त्यांची शेते गेली, घरे गेली, काहींचे पुनर्वसन तळोदा आणि शहादा तालुक्यांतल्या वसाहतींत झाले. आणि डोह सगळेच्या सगळे बुडाले.

धरण झाले म्हणजे पाणी वाढले आणि पाणी वाढले म्हणजे मासे वाढले, असे आपल्याला वाटते. ते अर्धेच खरे. नर्मदेचा मानाचा मासा महासीर. मध्य प्रदेशात त्याला बाडस म्हणतात आणि २०११मध्ये त्या सरकारने त्याला राज्यमासा जाहीर केले. तोही कटला-रोहूच्याच कुळातला, ज्याला इंग्रजीत कार्प म्हणतात त्या कुळातला. पण त्याला वाहते, स्वच्छ पाणी लागते. पावसाळ्यात तो प्रवाहाच्या उलट वर चढतो आणि खडी-गोट्यांच्या उथळ जागी अंडी घालतो. प्रवाह थांबला आणि गोट्यांवर गाळ बसला की त्याचे बाळंतघर गेले.

साचलेल्या पाण्यात फोफावतात ते दुसरेच मासे. त्यातल्या बऱ्याच जणांचा प्रवास मोठा आहे. कटला, रोहू, मृगळ गंगेच्या खोऱ्यातून आपल्याकडे आले. सायप्रिनस हा विलायती कार्प १९३९मध्ये श्रीलंकेतून निलगिरीत आला आणि १९५७मध्ये त्याची दुसरी जात बँकॉकहून आली. चिलापी मूळची आफ्रिकेची, १९५२मध्ये भारतात आणलेली. साहेब ज्यांना पर्च म्हणत त्या काटेरी पाठीच्या माशांची ती दूरची नातलग. मादी अंडी तोंडात ठेवून उबवते, पिल्ले फार जगतात आणि थोड्याच वर्षांत सगळे तळे चिलापीचे होते. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल येथे हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन कार्प माशांकडून अंडी घालून घेतली. त्यानंतर नदीत बीज शोधत फिरण्याची गरज राहिली नाही आणि देशभरच्या धरणांत बीज सोडणे शक्य झाले. आपल्या मत्स्य खात्यात या पिल्लांना फार गोड शब्द आहेत. अगदी बारीक ते मत्स्यजिरे. बोटाएवढे झाले की बोटुकली. सरकारी कागदावर असे शब्द क्वचितच भेटतात.

मासा बदलला तसे मासे धरणेही बदलले. डोहाचा तळ पायांना ठाऊक होता. धरणाचा तळ कोणाच्याच पायाला लागत नाही. त्यासाठी होडी हवी, पाण्यात भिंतीसारखे उभे राहणारे नायलॉनचे जाळे हवे, बर्फ हवा, बाजारापर्यंत गाडी हवी. म्हणजे आधी भांडवल हवे. वसंतात जलाशयाची पातळी उतरू लागते आणि पाण्यातून वाळलेल्या झाडांचे शेंडे वर येतात. त्या फांद्यांत जाळी अडकून फाटतात. कोणत्या जागी कोणाचा मोह होता, कोणाचे आंब्याचे झाड होते, हे माहीत असलेला माणूस तिथे जाळे टाकत नाही. बाहेरून आलेल्याचे जाळे फाटते. हे ज्ञान कोणत्याही नकाशात नाही. ते फक्त बुडालेल्या गावातल्या माणसाकडे आहे.

मग प्रश्न येतो, या माशावर हक्क कोणाचा? लवादाच्या निवाड्यात एक तरतूद आहे. बुडीत जमीन प्रकल्पासाठी गेली तरी तो भूभाग त्या त्या राज्याचाच राहील आणि तिथल्या पाण्यातली मासेमारी व होड्यांची वाहतूक यांचे हक्कही त्या राज्याकडे राहतील. ठीक. पण राज्य म्हणजे कोण? धरणातली मासेमारी सहसा ठेक्याने दिली जाते. ठेका पैसेवाल्याने घेतला तर गाव गमावलेला माणूस स्वतःच्या शेतावरच्या पाण्यात मजूर होतो. चोरून जाळे टाकले तर चोर होतो.

याला दुसरा रस्ता आहे, आणि तो नर्मदेच्याच खोऱ्यात दाखवला गेला आहे. मध्य प्रदेशात तवा ही नर्मदेची उपनदी. तिच्यावर सत्तरच्या दशकात धरण झाले आणि आदिवासी गावे उठली. दीर्घ लढ्यानंतर १९९६मध्ये जलाशयातली मासेमारी विस्थापितांच्या सहकारी संस्थांच्या संघाला, तवा मत्स्य संघाला मिळाली. त्यांनी बीज सोडले, मासे धरले, विकले, सभासदांना मजुरी आणि बोनस दिला. दहा वर्षे हे चालले. २००६नंतर मात्र ठेका पुढे मिळाला नाही, कारण तो परिसर संरक्षित वन्यजीव क्षेत्रात येत होता. म्हणजे पुन्हा तेच. पाणी तेच, माणसे तीच, फक्त कागद बदलला. तरीही त्या दहा वर्षांनी एक गोष्ट सिद्ध केली. ज्यांना अडाणी म्हणून बाजूला सारले होते ते एवढ्या मोठ्या जलाशयाचा व्यवहार सांभाळू शकतात.

सरदार सरोवराच्या आपल्या बाजूलाही विस्थापित आदिवासींच्या मत्स्यव्यवसाय सहकारी संस्था उभ्या राहिल्या आहेत. डोहावर जाणारा पाडा आता सभासद-नोंदणीचे रजिस्टर ठेवतो. हे काम सोपे नाही. होडीची दुरुस्ती, बीज सोडण्याची वेळ, व्यापाऱ्याचे वजन, बँकेचे खाते, सगळे नव्याने शिकायचे आहे. पण त्यांच्या हातात एक कागद आहे आणि तो सगळ्यांना ठाऊक असायला हवा. २००६च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कांची जी यादी आहे तिच्यात मासे आणि पाणवठ्यांतील इतर उत्पादने यांचा स्पष्ट उल्लेख आहे. १८७८मध्ये जो मासा गुन्ह्यांच्या यादीत गेला तो १२८ वर्षांनी हक्कांच्या यादीत आला. अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या १९९६च्या पेसा कायद्याने लहान पाणवठ्यांचे नियोजनही पंचायतीच्या पातळीवर आणले. सरदार सरोवर काही लहान पाणवठा नव्हे, हे खरे. पण डोंगरातले उरलेले डोह, नाल्यांवरचे बंधारे, पाझर तलाव हे तर लहानच आहेत. तिथे काय सोडायचे, कधी धरायचे, कधी थांबायचे, हे गाव ठरवू शकते. चिलापी सोडून सगळे तळे तिच्या स्वाधीन करायचे की ओढ्याचा जुना मासा जपायचा, हेही गावच ठरवू शकते.

मी कवी आहे, मत्स्यतज्ज्ञ नव्हे. माझा जीव शब्दांत अडकतो. साईक्ससाहेबाने दख्खनच्या माशांची नावे लिहून घेतली म्हणून 'खुद्री' आणि 'मळ्या' टिकले. नर्मदाकाठच्या डोहांत जे मासे होते त्यांना भिल्ली आणि पावरी बोलींत नावे होती. अंगावरच्या ठिपक्यावरून, पोहण्याच्या चालीवरून, कोणत्या पाण्यात मिळतो त्यावरून पडलेली. डोहांनाही नावे होती. ती नावे सांगणारी माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. मोलगी, धडगाव, अक्कलकुव्यात आज शाळा आहेत, महाविद्यालये आहेत. त्या पोरापोरींना मी सांगेन, मोबाईल घेऊन आजोबांजवळ बसा. डोहाचे नाव, माशाचे नाव, कोणत्या महिन्यात धरायचा, वाटा कसा पाडायचा, सगळे बोलीतच नोंदवा. कवितेसाठी तर त्याचा उपयोग आहेच. पण उद्या ग्रामसभेपुढे सामूहिक हक्काचा दावा लिहायची वेळ येईल तेव्हा वडीलधाऱ्यांचे लेखी कथन हाही पुरावा धरला जातो. सातबाऱ्यावर डोह नव्हता. निदान दाव्याच्या कागदावर तरी तो नावानिशी असू द्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)